मोठेपण मोजायची पट्टी कोणाची?



कोणत्या कलावंतांना एखादा समाज मोठं मानतो, यावरून त्या समाजाची पारख होते असं म्हणतात. मला त्यात एक भर घालायची आहे. त्याने हे मोठेपण कोणत्या पट्टीने मोजलं, तेही बघायला हवं. पट्टी उसनी असेल तर यादीतली नावं आपली असली तरी निकाल दुसऱ्याचाच लागतो.

हे लिहायला निमित्त आमच्या वस्तीतल्या वादाचं आहे. मुलुंड-भांडुप पट्ट्यातल्या आमच्या विहाराच्या माळ्यावर पोरांनी अभ्यासिका काढली. तिथली एक लांब भिंत मोकळी होती. तिच्यावर आंबेडकरी गायक, शाहीर, कवी यांच्या बारा तसबिरी लावायच्या असं ठरलं, आणि कॉलेजातल्या पोरांनी त्याला नावही दिलं: ‘हॉल ऑफ फेम’. जागा बारा, आणि आठवड्याभरात व्हॉट्सअॅपवर नावं आली साठाच्या वर. मग तीन बैठका झाल्या. आवाज चढले, कोणी उठून गेलं, कोणी समजूत काढून परत आणलं. वर्गणीवरूनही आमच्याकडे एवढं भांडण होत नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा यावरून भांडणारी पोरं वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे यांच्यावरून भांडत होती, हे चांगलंच लक्षण आहे. पण बैठकीत प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात, म्हणून माझं म्हणणं इथे सविस्तर मांडतो.

पहिल्याच बैठकीत एकाने निकष सुचवले: किती पुरस्कार मिळाले, किती कॅसेट खपल्या, यूट्यूबवर किती लोकांनी ऐकलं. ऐकायला हे निःपक्षपाती वाटतं. आकड्याला जात नसते, असं तो म्हणालाही. पण आकडा कुठून येतो ते पाहा. पुरस्कार समिती देते, कॅसेट कंपनी काढते, रेडिओवर निवड करणारे अधिकारी असतात. या तिन्ही दारांवर इतकी वर्षं कोण बसलं होतं हे तुम्हाला सांगायला नको. जिथे आपल्याला आत घेतलंच नाही, तिथल्या हजेरीपटावरून आपण आपल्या माणसांची हजेरी मोजायची का?

‘हॉल ऑफ फेम’ हा शब्द ज्या देशातून आला तिथलंच उदाहरण घेऊ. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ आहे. पहिले मानकरी निवडले गेले १९८६ साली. नियम असा की कलावंताची पहिली रेकॉर्ड निघून किमान २५ वर्षं झालेली असावीत. पहिल्या वर्षी चक बेरी, लिटल रिचर्ड, रे चार्ल्स असे काळे कलावंत होते, हे मान्य करायला हवं. पण त्या वर्षीच्या गायक-वादकांत एकही बाई नव्हती. गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून ज्या काळ्या बाईने रॉकचा पाया घातला, त्या सिस्टर रोझेटा थार्प १९७३ साली वारल्या आणि त्यांना जागा मिळाली २०१८ साली. ‘हाऊंड डॉग’ हे गाणं एल्व्हिस प्रेस्लीने १९५६ साली जगभर गाजवलं, पण ते आधी बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेने गायलं होतं. एल्व्हिस पहिल्याच वर्षी आत गेला. थॉर्नटन १९८४ साली वारल्या आणि आत गेल्या २०२४ साली. त्याही मुख्य गायकांच्या वर्गात नाही. दोघींना ‘प्रभाव टाकणाऱ्या’ अशा वेगळ्या वर्गात बसवलं. म्हणजे घर यांनी बांधलं आणि यांना ओसरीवर बसवलं. त्या संस्थेचे एक संस्थापक यान वेनर यांनी २०२३ साली मुलाखतीत काळ्या आणि स्त्री कलावंतांच्या बौद्धिक कुवतीबद्दल हिणकस बोलल्यावर त्यांना मंडळातून काढावं लागलं. दारावर कोण बसलं होतं ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

आता हाच ‘पहिली रेकॉर्ड’ नियम आपल्याकडे लावून बघा. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी नाशिकपासून मुंबईपर्यंत जलसे केले. सत्यशोधक जलशाची वाट त्यांच्यासमोर होती. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला मजकूर बदलून टाकला. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, दारू सोडा, पोरं शाळेत घाला, पाण्यावर आणि रस्त्यावर आपला हक्क आहे, हे त्यांनी फार्समधून, सवाल-जबाबातून, हसवत हसवत सांगितलं. आपली दहा भाषणं आणि कर्डकांचा एक जलसा यांचं वजन सारखं, असं बाबासाहेब म्हणाल्याचं चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पण कर्डकांचा जलसा तुमच्यापैकी कोणी ऐकला आहे का? कोणाच्या मोबाइलमध्ये आहे? क्लीव्हलंडच्या नियमाने कर्डक जन्मालाच आले नाहीत. आज जलशांबद्दल जे थोडंफार कळतं, त्यातला मोठा भाग कर्डकांनी स्वतः पुस्तक लिहून ठेवलं म्हणून कळतं.

म्हणून माझी पट्टी वेगळी आहे. गाणं ऐकून माणसाने काय केलं, हे मी विचारतो. जे वाचू शकत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार कोणी पोचवला? कोणाचं गाणं ऐकून बापाने पोरगी शाळेत घातली, कोणाचं गाणं ऐकून बाईने देव्हारा उचलून नदीत सोडला, कोणाचं गाणं ऐकून भ्यालेली माणसं मोर्चाला आली? ही पट्टी आपली आहे, कारण आपल्या गाण्याचा जन्मच त्या कामासाठी झाला. सुरांना इथे किंमत नाही असं मी म्हणत नाही. बेसूर माणसाचं रात्रभर कोण ऐकणार? पण सूर हे वाहन आहे. त्यातून काय पोचलं हा आपला प्रश्न आहे.

या पट्टीवर वामनदादा कर्डक यांच्याबद्दल वाद उरत नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईत मजुरी करत करत, तरुणपणी अक्षरं शिकला आणि पुढे हजारो गाणी लिहून गेला. २००४ साली ते गेले. आज त्यांच्या ओळी लोक बोलण्यात म्हणीसारख्या वापरतात आणि पुष्कळांना त्या वामनदादांच्या आहेत हे ठाऊकही नसतं. एवढं झिरपणं कोणत्या पुरस्काराने मोजणार?

खरा वाद पुढच्या नावांवर झाला. तो मोकळेपणाने मांडायला हवा.

प्रल्हाद शिंदे यांचं नाव निघालं आणि एका तरुण कार्यकर्त्याने हरकत घेतली. तो म्हणाला, “दादा, आषाढीला अख्ख्या महाराष्ट्रात त्यांची विठ्ठलाची गाणी वाजतात. आपण बावीस प्रतिज्ञा घेतो आणि त्यांचा फोटो विहारात लावतो, हे कसं चालेल?” दोघे-तिघे हसले. मला ते हसणं आवडलं नाही. प्रतिज्ञा ही औपचारिकता नाही आणि त्या पोराचा प्रश्न गंभीर आहे.

माझं उत्तर असं. प्रल्हाद शिंदे यांच्या कव्वाल्या ऐकायला चाळीतली, झोपडपट्टीतली माणसं रात्र रात्र बसायची. सभेला न येणारा माणूसही कव्वालीच्या मुकाबल्याला यायचा, आणि पहाटे उठून जाताना बाबासाहेबांचं चरित्र ऐकून जायचा. हे काम त्या आवाजाने केलं. त्याच आवाजात भक्तिगीतं गायली गेली, कारण बाजार भक्तीला पैसे देत होता. सवर्णांच्या दिवाणखान्यात त्यांचा विठ्ठल पोचला, त्यांचा भीम उंबऱ्याबाहेर राहिला. या निवडीचा हिशेब आपण गायकाकडे मागतो. तो ऐकणाऱ्यांकडेही मागायला हवा. म्हणून तसबीर लागावी, पण खालच्या मजकुरात दोन्ही गोष्टी असाव्यात. त्यांची भक्तिगीतं चळवळीचं योगदान म्हणून खपवू नयेत आणि लपवूही नयेत. मोठ्या माणसाला अर्धा कापून भिंतीवर लावायची सवय आपल्या विरोधकांची आहे. त्यांनी फुले, तुकाराम आणि बाबासाहेबांचंही तेच केलं. आपण ती सवय घेऊ नये.

दुसरा वाद अण्णाभाऊ साठे यांच्यावरून झाला. “ते लाल बावट्याचे,” असं एक काका म्हणाले. खरंच आहे. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक चालवलं, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ शाहिरीने पेटवली. पण याच अण्णाभाऊंनी १९५८ साली मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं आणि ‘फकिरा’ ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून त्यांनी लिहिलं आणि १९६९ साली गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांचा अंत झाला. म्हणजे ते आपल्या उपनगरांचेच. २०२२ साली त्यांचा पुतळा मॉस्कोत उभा राहिला. चिरागनगरातल्या स्मारकाच्या घोषणा मात्र आपण वर्षानुवर्षं ऐकतो आहोत.

या वादाच्या तळाशी झेंड्याच्या रंगाखेरीज आणखी एक गोष्ट होती. ती बैठकीत कोणी बोललं नाही, म्हणून इथे बोलतो. साठाच्या वर नावं आली, त्यातली बहुतेक पूर्वाश्रमीच्या महार समाजातली होती. अण्णाभाऊ मातंग समाजातले. आंबेडकरी गाण्याची भिंत एकाच जातीची होणार असेल तर तिला आंबेडकरी म्हणायचं कशाला? हलगी वाजवणारा, सनई फुंकणारा, ढोलकी धरणारा हात कोणत्या समाजाचा होता ते आठवा. जलसा एकट्या शाहिराचा कधीच नव्हता. तो पाच-सात माणसांचा संच असायचा. तसबीर मात्र आपण पुढे उभ्या असलेल्या एकाचीच लावतो. ही देखील उसनीच पट्टी.

तिसरं नाव आमच्या मुलुंडचं: विलास घोगरे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. १५ जुलैला मुलुंडच्या आपल्या घरी विलासने गळफास घेतला. कपाळाला निळी पट्टी होती. आयुष्याचा मोठा काळ तो डाव्या सांस्कृतिक चळवळीत गायला. आनंद पटवर्धन यांच्या १९८५च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात झोपड्या तोडल्या जात असताना त्याचा आवाज ऐकू येतो, आणि ‘जय भीम कॉम्रेड’ हा पुढचा माहितीपट त्याच्याच मृत्यूपासून सुरू झाला.

विलासच्या नावाला कोणाचाच विरोध नव्हता. पण ज्या कारणाने ते सुचवलं गेलं त्याला माझा विरोध आहे. “त्याने समाजासाठी जीव दिला,” असं एक जण म्हणाला. मित्रहो, आपल्या पोरांना असं शिकवू नका. विलासचं जाणं ही आपल्या चळवळीची भळभळती जखम आहे. तिला आदर्श बनवायचं नाही. दुःखाने कोलमडलेल्या कलावंताच्या शेजारी त्या चार दिवसांत कोण बसलं होतं, हा प्रश्न आपण विचारायला हवा. आजही एखादा साथी गप्प होत चालला असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच्या घरी जा, त्याला दवाखान्यात न्यावं लागलं तर न्या. विलासची तसबीर लागावी ती त्याच्या गाण्यासाठी. ज्यांची घरं बुलडोझरखाली गेली त्यांना त्याने आवाज दिला, तेवढं पुरेसं आहे.

आता ज्यांचं नावच आलं नाही त्यांच्याकडे वळू. साठांत बायकांची नावं पाच. एका आजींनी तिसऱ्या बैठकीत विचारलं, “आम्ही गायलो ते गाणं नव्हतं का रे?” त्या जात्यावरच्या ओव्यांबद्दल बोलत होत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार अशा बायकांनी बाबासाहेबांवर आणि रमाईवर गायलेल्या ओव्या आहेत. जलसा वस्तीत आला की पुरुष समोर बसायचे, बाया मागे उभ्या राहून ऐकायच्या. पण पहाटे जात्यावर बसून भीमाचं नाव पीठासारखं रोज घरात सांडलं ते त्यांनीच. मानधन नाही, माइक नाही, टाळी नाही. माझ्या पट्टीने मोजलं तर बारांतल्या किमान चार जागा बायकांच्या, आणि त्यातली एक त्या अनाम ओवीकारणीची. फोटो नसेल तर जात्याचं चित्र लावा.

जिवंत कलावंतांचं काय, असंही विचारलं गेलं. माझं मत सरळ आहे: त्यांना भिंतीवर घाई करू नका. कडूबाई खरात, संभाजी भगत आजही गातात. त्यांना तसबीर नको, व्यासपीठ हवं, योग्य मानधन हवं आणि वेळ आली तर वकील हवा. कबीर कला मंचाच्या सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये अटक झाली तेव्हा आपल्यातले किती जण बोलले? जिवंतपणी गप्प राहून मेल्यावर हार घालणं हा मोठेपणा नव्हे.

काही जण म्हणतील, पोटापाण्याचे, खासगीकरणाचे, आरक्षणाचे एवढे प्रश्न पेटलेले असताना तसबिरींवर तीन बैठका कशाला? त्यांना माझा प्रतिप्रश्न आहे. दर चौदा एप्रिलला डीजेपुढे नाचणाऱ्या पोराला आपण नावं ठेवतो. पण त्याला ऐकवायला आपण दुसरं काय जपून ठेवलं? अमुक मोठ्या गायिकेने भीमगीत का गायलं नाही यावर दरवर्षी आपण तावातावाने लिहितो. तिचं प्रशस्तिपत्र आपल्याला कशाला हवं? पार्ल्यात दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे, बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरेंच्या, मुलुंडमध्ये कालिदासाच्या. त्यांनी आपापली माणसं जपली, यात त्यांचं काही चुकलं नाही. आपण आपली जपली का, एवढाच प्रश्न आहे.

आणि जपायचं म्हणजे फोटो लावायचा असं नाही. फोटो मुका असतो. ज्या शाहिराचं एकही गाणं आपल्याकडे नाही त्याचा फोटो दहा वर्षांनी ‘हे कोण?’ म्हणून उतरवला जाईल. म्हणून माझी सूचना अशी. निवड नंतर करा, नोंद आधी करा. भिंत सध्या रिकामी राहू द्या. प्रत्येक वस्तीत दोन-चार घरं अशी आहेत जिथे माळ्यावर ट्रंकेत गाण्यांच्या वह्या आहेत, बुरशी धरलेल्या कॅसेट आहेत, जलशाच्या संचातला एखादा म्हातारा ढोलकीवाला आहे. पावसाळ्यात पाणी शिरतं, झोपडपट्टी पुनर्वसनात घर हलतं, आणि पहिली वस्तू भंगारात जाते ती हीच. पाणी शिरण्याआधी तिथे जा. वहीचं प्रत्येक पान मोबाइलवर टिपा. आजीला ओवी म्हणायला सांगा आणि रेकॉर्ड करा. कवी कोण, चाल कोणाची, गायक कोण, ढोलकी कोणाची, कोणत्या साली, कोणत्या वस्तीत, हे सगळं लिहा. घरच्यांची परवानगी घ्या, वही त्यांची त्यांना परत करा. भीमगीत म्हटलं की गायकाचं नाव लागतं आणि लिहिणारा हरवतो, ही चूक कंपन्यांनी केली. आपण ती पुन्हा करू नये.

यात पैसा फारसा लागत नाही. यंदाच्या जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एका तासाचा खर्च वाचवला तर एक चांगला माइक आणि एक हार्ड डिस्क येते. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, प्रत्येक ठिकाणच्या चार पोरांनी दोन-दोन रविवार दिले तर सहा डिसेंबरपर्यंत आपल्याकडे अशी नोंद तयार होईल जी कोणत्याही सरकारी समितीकडे नाही. मग बारा नावांवर पुन्हा भांडू, आणि तेव्हा त्या माणसांचं गाणं ऐकून भांडू.

तुमच्या वस्तीत अशी एखादी ट्रंक असेल तर ती आज संध्याकाळीच उघडा.

जय भीम.